सॉफ्ट स्टार्टर घ्यावा काय?

(जिल्हा बैठकीतील भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, आकडे तेवढे तपासून घेतले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर ‘संरक्षित पाणी’ असा विषय छापला आहे. तो मी सोडणार नाही. पण सकाळपासून मंडपाबाहेर जितके लोक भेटले, त्यांतल्या निम्म्यांनी एकच गोष्ट विचारली: भाऊ, तो सॉफ्ट स्टार्टर म्हणतात तो घ्यावा काय? कोणाला कृषी प्रदर्शनात माहितीपत्रक मिळाले आहे, कोणाच्या ओट्यावर विक्रेता मोटरसायकल लावून तासभर बसून गेला आहे. मोटर जळणार नाही, डीपी जळणार नाही आणि विजेचे बिल कमी येईल, असे तीन वायदे तो एका दमात करतो. संरक्षित पाण्याची सगळी गोष्ट शेवटी मोटर सुरू होते की नाही इथेच येऊन अडते. म्हणून आज या डब्याबद्दलच बोलतो.

मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. विजेचे जे काही कळते ते जळालेल्या मोटरी भरून घेताना, रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात बाकड्यावर बसून शिकलो. तेव्हा सभेत कोणी वायरमन असेल आणि माझे चुकले तर त्याने उभे राहून सांगावे.

आधी पाण्याचे दोन शब्द. परतीचा पाऊस निघून गेला, ऑक्टोबरचे ऊन लागले, पऱ्हाटीवर पाते-फुले आहेत आणि खालची बोंडे भरत आहेत. काळी जमीन भेगाळायला लागली की पाते गळते. त्या आठवड्यात एक पाणी मिळाले तर बोंड टिकते. तेच पाणी तीन आठवड्यांनी दिले तर नुसता पाला हिरवा होतो. रब्बी ज्वारीचेही तेच. पेरल्यापासून 50-55 दिवसांनी पोटरी, 70-75 दिवसांनी फुलोरा. पोटरीचे पाणी हुकले तर कणीस पोटरीतच अडकते. आता हिशेब करा. एकराला 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे 2 लाख लिटर. 5 अश्वशक्तीचा पंप वीस मीटर उंचीवर तासाला 30 ते 35 हजार लिटर टाकतो. म्हणजे एकराला सहा-सात तास, वीज धड मिळाली तर दिवसाला एक एकर. डीपी दहा दिवस बंद राहिली तर एका शेतकऱ्याचे दहा एकर गेले. आपल्या विहिरींना एवढे पाणी कुठे असते, हे मला माहीत आहे. पण असलेले पाणीही विहिरीतच राहते आणि वावर वाळते, हे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मोटर सुरू होताना काय होते ते पाहू.

5 अश्वशक्तीची थ्री फेज मोटर चालू असताना साधारण साडेसात अँपिअर करंट ओढते. पण उभी असलेली मोटर बटण दाबताच पहिल्या क्षणी सहापट, म्हणजे 45 अँपिअरच्या आसपास ओढते. गाडीला जुंपलेला बैल उभी गाडी हलवताना जेवढा जोर लावतो तेवढा चालत्या गाडीला लावत नाही, तसेच हे. मोटरने वेग घेतला की करंट खाली येतो. व्होल्टेज चांगले असेल तर हे सगळे एक-दोन सेकंदांत उरकते.

या एक-दोन सेकंदांत मोटरला काही होत नाही, हे नीट लक्षात ठेवा. उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. सहापट करंट म्हणजे छत्तीसपट उष्णता. दोन सेकंद छत्तीसपट उष्णता तांबे सोसते, वीस सेकंद सोसत नाही. मोटरी जळतात त्या बहुतेक झटक्याने जळत नाहीत. त्या गुरगुरत राहून जळतात. व्होल्टेज कमी असले की मोटर वेग घेत नाही, नुसती ‘हूंऽऽ’ करत बसते आणि तेवढा वेळ तिच्यातून सुरुवातीचा मोठा करंट वाहत असतो. रात्री बाराला वीज आली, आपण घरी झोपलेलो, ऑटो स्विचने मोटर ओढली, ती गुरगुरली, ओव्हरलोड रिले कोणीतरी आधीच काड्या घालून बांधून ठेवलेला. सकाळी वास येतो.

आता तो डबा. 1957 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विजेचे एक नव्या तऱ्हेचे दार बाजारात आणले. त्याला थायरिस्टर म्हणतात. सिलिकॉनचा लहानसा तुकडा, त्यात हलणारा एकही भाग नाही. या दाराची खोड अशी, की ते आपल्याला उघडता येते, पण बंद करता येत नाही. प्रवाह आपोआप शून्यावर आला की ते स्वतःच लागते. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, एका हेलकाव्यात एकदा इकडे एकदा तिकडे, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ती शून्यावर येते. दर वेळी दार लागते, दर वेळी ते पुन्हा उघडावे लागते. सॉफ्ट स्टार्टरमध्ये प्रत्येक फेजला अशी दोन दारे उलटसुलट बसवलेली असतात. सुरुवातीला ती उशिरा उघडतात, म्हणून मोटरला अर्धेमुर्धे व्होल्टेज मिळते. मग दर वेळी थोडी थोडी लवकर उघडत जातात आणि काही सेकंदांत पूर्ण व्होल्टेज मिळते. पाटाचे दार एकदम न उचलता बोट-बोट उचलावे, तसे. मोटर पूर्ण वेगावर आली की चांगल्या डब्यात एक कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि वीज थायरिस्टरला वळसा घालून सरळ मोटरला जाते. हा वळशाचा कॉन्टॅक्टर डब्यात आहे की नाही, हे घेताना विचारायचे. तो नसला तर थायरिस्टर सगळा वेळ तापत राहतात, आणि आपला डबा उन्हात, पत्र्याच्या पेटीत, मुंग्या आणि पालींच्या शेजारी असतो.

यंत्र चांगले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न सांगितलेल्या अर्ध्या गोष्टीबद्दल.

व्होल्टेज कमी केले की करंट कमी होतो, हे विक्रेता सांगतो. फिरवण्याचा जोर त्याहून जास्त कमी होतो, हे तो सांगत नाही. जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने पडतो. व्होल्टेज 80 टक्के केले तर जोर 64 टक्के. व्होल्टेज निम्मे केले तर जोर निम्मा नाही, पाव. पंपाचे हे बरे असते, की सुरुवातीला त्याला जोर फारसा लागत नाही. वेग वाढेल तसा लागत जातो. म्हणून सेंट्रिफ्युगल पंपाला सॉफ्ट स्टार्टर शोभतो. भरलेल्या मळणी यंत्राला किंवा पीठ अडकलेल्या गिरणीला तो शोभणार नाही. जुन्या जिनिंग कारखान्यांत स्लिपरिंगच्या मोटरी असत त्या याच कारणाने: करंट कमी आणि जोर मात्र पहिल्यापासून पुरा, असे त्यांना हवे होते.

आता हाच वर्गाचा हिशेब आपल्या शिवारात लावा. पाटीवर लिहिलेले व्होल्टेज 415. रात्री तुमच्या स्टार्टरवर भरते किती? माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही मीटर लावून पाहिले तेव्हा 310 भरले. 310 म्हणजे 75 टक्के. जोर झाला 56 टक्के, म्हणजे निम्म्याच्या किंचित वर. हे सरळ स्टार्टरवर. आता मध्ये डबा बसवला आणि तो सुरुवातीला मिळालेल्या व्होल्टेजच्या निम्मेच पुढे सोडतो असे धरा. जोर उरला 14 टक्के. त्या भावाने ज्वारी विकून तो डबा घेतला होता. डब्यात कमी व्होल्टेजचे संरक्षण होते, ते इमानदारीने काम करायचे: वीज यायची, डबा व्होल्टेज बघायचा आणि लाल दिवा लावून बसायचा. चार रात्री मोटर सुरूच झाली नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, लाईनचा दोष. विजेच्या ऑफिसात गेला तर म्हणाले, डब्याचा दोष, काढून टाका. दोघांचेही म्हणणे कागदावर खरे होते आणि पऱ्हाटी मधल्यामध्ये सुकत होती. पाचव्या दिवशी त्याने डबा काढून जुना स्टार्टर जोडला, रात्री दोनला व्होल्टेज थोडे चढल्यावर मोटर एकदाची लागली. डबा अजून त्याच्या कोठीत आहे.

सॉफ्ट स्टार्टर व्होल्टेज कमी करून देणारे यंत्र आहे. ज्याच्याकडे आधीच व्होल्टेज कमी आहे, त्याने ते आणखी कमी करून घेण्यासाठी पैसे मोजायचे, हे मला काही पटत नाही.

दुसरा वायदा डीपीचा. यात थोडे थांबावे लागेल, कारण इथेच आपले पाणी अडते.

63 केव्हीएची डीपी घ्या. तिची पूर्ण ताकद 84 अँपिअर. तिच्यावर 5 अश्वशक्तीच्या पंधरा मोटरी आहेत असे धरा. सगळ्या चालू असताना 112 अँपिअर झाले, म्हणजे ती चालतानाच सव्वापटीहून जास्त ओझे वाहते आहे. आता वीज आली आणि पंधराही ऑटो स्विचनी एकाच क्षणी मोटरी ओढल्या. पंधरा गुणिले 45, म्हणजे 675. डीपीच्या ताकदीच्या आठपट. व्होल्टेज पडल्यावर करंटही काहीसा पडतो, म्हणून प्रत्यक्षात आठपट पोचणार नाही, पण मग व्होल्टेज पडल्यामुळे एकही मोटर लवकर वेग घेणार नाही आणि सगळ्या मिळून अर्धा-अर्धा मिनिट गुरगुरतील. यात फ्यूज उडाला तर सुटलो. आपल्याकडे फ्यूजच्या जागी काय असते, ते मी माइकवर सांगत नाही.

बरे, पंधराही जणांनी सॉफ्ट स्टार्टर घेतले. सहापटीच्या जागी तीनपट करंट झाला. पंधरा गुणिले साडेबावीस, 337. अजूनही डीपीच्या चौपट! शिवाय आता मोटरींना वेग घ्यायला जास्त वेळ लागणार. पंधरा डब्यांचे पैसे गेले आणि डीपीवरचे संकट निम्मे उरले.

आता दुसरा हिशेब पाहा. कोणीच काही महाग घेतले नाही. फक्त ऑटो स्विचला उशीर करणारा टायमर लावला, आणि गावाने ठरवले की पहिल्याची मोटर दहा सेकंदांनी, दुसऱ्याची पंचवीस, तिसऱ्याची चाळीस. पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतराने पंधरावी मोटर चार मिनिटांच्या आत लागते. एका वेळी झटका एकाच मोटरीचा. बाकीच्या चालू असल्या तरी डीपीला एका क्षणी 45 अँपिअरचाच जास्तीचा भार, तोही दोन-तीन सेकंदांचा. टायमर ही सॉफ्ट स्टार्टरच्या मानाने किरकोळ वस्तू आहे. पुष्कळशा ऑटो स्विचमध्ये ती आधीपासूनच असते, फक्त खुंटी सगळ्यांची एकाच आकड्यावर ठेवलेली असते. लग्नाच्या पंगतीत आपण बारी लावतो, इथे लावायला काय हरकत आहे? हरकत एकच, की पहिला नंबर कोणाचा, यावर भांडण होते. चिठ्ठ्या टाका. दर महिन्याला फिरवा.

टायमरने चालतानाचे ओझे मात्र कमी होत नाही. 84 च्या डीपीवर 112 अँपिअर तसेच राहतात. त्याला कॅपॅसिटर आहे. 5 अश्वशक्तीच्या मोटरीला 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला की साडेसात अँपिअरचे साडेसहाच्या आत येतात. एका मोटरीमागे एक अँपिअर; पंधरा मोटरींचे पंधरा, म्हणजे दोन मोटरींचे ओझे डीपीवरून उतरले आणि वायरमधले व्होल्टेजही थोडे सावरले. 3 अश्वशक्तीला 1 केव्हीएआर, साडेसातला 3. महावितरण सांगते म्हणून नको लावू, असा आपल्यातल्या काहींचा खाक्या आहे. महावितरणने सांगितलेली गोष्टही कधीमधी खरी असू शकते! इथे एक धोक्याची खूण करून ठेवा: ज्याने सॉफ्ट स्टार्टर घेतलाच आहे, त्याने कॅपॅसिटर डबा आणि मोटर यांच्या मध्ये कधीही जोडू नये. तो लाईनच्या बाजूला, डब्याच्या आधी जोडायचा. मध्ये जोडला तर थायरिस्टर जातात आणि विक्रेता हमी नाकारतो. त्यात त्याचे बरोबर असते.

आणि एवढे करूनही ओझे उरतेच, कारण आपण अर्ज 3 अश्वशक्तीचा भरतो आणि मोटर 5 ची टाकतो. हे मी बाहेर बोलत नाही, पण घरात बोलले पाहिजे. कागदावर नऊ मोटरींची डीपी प्रत्यक्षात पंधरा मोटरींची असेल, तर मोठ्या डीपीची मागणी आपण कोणत्या तोंडाने करणार? आधी भार खरा लिहून द्या, मग मागणीत दम येतो.

तिसरा वायदा बिलाचा. अमेरिकेच्या नासा संस्थेत फ्रँक नोला नावाचा अभियंता होता. त्याला 1977 साली एका यंत्राचे पेटंट मिळाले. मोटर रिकामी फिरत असेल तेव्हा तिचे व्होल्टेज कमी करून वीज वाचवायची, अशी ती कल्पना. खरी आहे, पण रिकाम्या फिरणाऱ्या मोटरीसाठी. आपला पंप पाणी उचलतो तेव्हा मोटर पूर्ण ओझ्यावर असते. तिथे व्होल्टेज कमी केले तर करंट वाढतो, वाचत काही नाही. आणि वळशाचा कॉन्टॅक्टर ओढला गेल्यावर तर डबा मध्ये उरतच नाही, मग वाचवणार कोण? नासाचे नाव माहितीपत्रकावर अजून दिसते, त्याच्याखाली चित्र मात्र आपल्या विहिरीचे असते. वर 2024 च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकारने पाच वर्षांसाठी माफ केले आहे. माफ बिलात बचत करून देणारा विक्रेता आपल्या ओट्यावर बसतो आणि आपण त्याला चहा पाजतो.

मग सॉफ्ट स्टार्टर कोणी घ्यावा? घेण्यासारखी माणसे आहेत, त्यांचे सांगतो. ज्याची मोटर दहा-पंधरा अश्वशक्तीची आहे, पाइपलाइन लांब आहे, पाणी टेकडीवर चढवायचे आहे आणि व्होल्टेज बरे आहे, त्याच्या कामाचा हा डबा आहे. त्याचे कारण सुरू होण्यापेक्षा बंद होण्यात आहे. मोटर खाडकन बंद पडली की चढावरचे पाण्याचे लोट मागे येऊन रिटर्न व्हॉल्ववर आदळतात, पाइपाचे जोड निखळतात. सॉफ्ट स्टार्टर मोटर हळूहळू थांबवतो, तो आदळा वाचतो. विहिरीवरची वर बसवलेली मोटर असेल तर स्टार-डेल्टाही आहेच. त्यात सुरुवातीला प्रत्येक गुंडाळीला 415 ऐवजी 240 व्होल्ट मिळतात, जोर एक तृतीयांश आणि लाईनचा करंटही एक तृतीयांश. म्हणजे सहापटीच्या जागी दुप्पट. तेवढाच जोर सॉफ्ट स्टार्टरमधून काढायचा तर लाईनचा करंट साडेतीनपट लागतो. डीपीच्या दृष्टीने पाहिले तर जुना स्टार-डेल्टा नव्या डब्यापेक्षा काटकसरी आहे, हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेले नसते. स्टार-डेल्टाची खोट अशी, की त्याला मोटरपर्यंत सहा वायरी लागतात आणि स्टारवरून डेल्टावर जाताना क्षणभर वीज तुटते. बोअरच्या पाणबुडी मोटरीत त्या क्षणात पंपाचा वेग झपकन पडतो आणि डेल्टाचा झटका जवळपास सरळ स्टार्टरइतकाच बसतो. मोठ्या पाणबुडी मोटरीला म्हणून सॉफ्ट स्टार्टर बरा, तीन वायरींत काम होते.

पण पाणबुडीवाल्यांनो, एक गोष्ट. डब्यावर वेळेची खुंटी असते. आपल्याला वाटते जितके हळू तितके मोटरला बरे, म्हणून वायरमन वीस सेकंदांवर लावून देतो. पाणबुडी मोटरीचे खालचे बेअरिंग पाण्यावर तरंगते, आणि त्याला तरंगायला वेग लागतो. हळूहळू फिरवत ठेवली तर ते कोरडे घासते. दोन ते तीन सेकंदांत पूर्ण वेग आला पाहिजे, त्याच्यावर खुंटी नेऊ नका. वर बसवलेल्या मोटरीला आठ-दहा सेकंद चालतात.

ज्यांच्याकडे सौरपंप आला आहे, त्यांना हा प्रश्नच नाही. त्याच्या कंट्रोलरमधून मोटरला वीज आधी कमी हेलकाव्यांची मिळते आणि ऊन चढेल तसे हेलकावे वाढतात. तिथे व्होल्टेज आणि हेलकावे दोन्ही सोबत वाढतात, म्हणून जोर पडत नाही. सौरपंपाला वर सॉफ्ट स्टार्टर लावा असे कोणी म्हटले तर त्याला सरळ वाटेला लावा.

आणि ज्याच्याकडे यातले काहीच नाही, विहिरीवर 5 ची मोटर आणि साधा स्टार्टर आहे, त्याने आजोबांची रीत पाळावी: डिलिव्हरीचा कॉक बंद ठेवून मोटर सुरू करायची, वेग आला की हळूहळू कॉक उघडायचा. पंप पाणी उचलत नसतो तेव्हा ओझे कितीतरी कमी असते आणि मोटर झटकन वेग घेते. फुकटातला सॉफ्ट स्टार्टर! पण त्यासाठी माणूस विहिरीवर हवा, आणि माणूस विहिरीवर हवा तर वीज दिवसा हवी.

इथे माझा मुद्दा येतो. ऑटो स्विच लावू नका, असे आपल्याला वर्षानुवर्षे ऐकवले जाते. शेतकरी ऑटो स्विच हौसेने लावतो काय? रात्री दीडला वीज येणार, वावरात गुडघाभर पऱ्हाटी, पायाखाली काय आहे दिसत नाही, साप चावला तर दवाखाना वीस किलोमीटर. त्या माणसाने घरी पडून मोटर सुरू होण्याची व्यवस्था केली. रात्रीच्या विजेने ऑटो स्विच जन्माला घातला, ऑटो स्विचने डीपी जाळली, आणि डीपी जळाल्याचा ठपका मात्र शेतकऱ्यावर. ज्या फीडरवर दिवसाची वीज आली आहे तिथे जाऊन पाहा, ऑटो स्विचची गरजच किती उरली आहे ते.

व्होल्टेज पुरे देणे ही वीज देणाऱ्याची जबाबदारी आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत लघुदाबाच्या ग्राहकाला 6 टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू नये असे लिहिले होते. राज्याच्या वीज नियामक आयोगाने 2005 साली सेवेचे नियम केले त्यांतही तेच प्रमाण धरले. 415 चे 6 टक्के काढा: 390 च्या खाली जाता कामा नये. आपल्याला 310 मिळतात. त्याच 2005 च्या नियमांत ग्रामीण भागातली जळालेली डीपी 48 तासांत सुरू करून देण्याची मुदत घातली होती, आणि चुकले तर भरपाई. नियमांत पुढे सुधारणा होत गेल्या, पण मुदत आणि भरपाई ही तत्त्वे राहिली. किती जणांनी भरपाईचा अर्ज केला आहे? हात वर करा. ... बसा. एवढ्या मोठ्या मंडपात तीन हात. बाकीच्यांनी काय केले ते मला माहीत आहे, कारण मीही केले आहे: माणशी वर्गणी काढली, ट्रॅक्टर लावला, डीपी उतरवून आणायला स्वतः गेलो आणि वर लाईनमनला जेवण दिले. अर्ज न करता वर्गणी काढली की डीपी जळाल्याची नोंदही होत नाही. आणि बिल माफ आहे म्हणून तक्रार करायची नाही, असे तर मुळीच समजू नका. त्या बिलाचे पैसे सरकार वीज कंपनीला देते. पूर्ण विजेचे देते, गुरगुरणाऱ्या विजेचे नाही.

2018 साली राज्यात उच्चदाब वितरणाची योजना आली. एका-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटी डीपी, लघुदाबाच्या लांब तारा नाहीत. जिथे ती झाली तिथे शेजाऱ्याच्या मोटरीने माझे व्होल्टेज पडत नाही, आणि डीपी जळाली तर पंधरा जणांचे पाणी बंद होत नाही. मागणी करायची तर ही करा. सॉफ्ट स्टार्टरवर अनुदान द्या, असा ठराव आज दोन तालुक्यांकडून आला आहे. माझा त्याला विरोध आहे, मी तो उघड सांगतो. ते अनुदान डबेवाल्यांच्या घरी जाईल आणि लाईन 310 वरच राहील.

ठरावाच्या जागी मी दुसरे काम मागतो. प्रत्येक तालुक्याने एक चांगला मीटर विकत घ्यावा, एक वही घ्यावी. डीपीवर आणि शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याकडे, अशा दोन ठिकाणी, वीज आल्यावर पाच मिनिटांनी आणि एक तासाने तिन्ही फेजचे व्होल्टेज लिहायचे. मोजताना हात कोरडे, पायात चप्पल, आणि मोजणारा वायरमनच. पोरांच्या हातात मीटर देऊ नका, डीपीची पेटी उघडी असते. तारीख, वेळ, डीपीचा क्रमांक, किती मोटरी लागल्या आणि मोजणाऱ्याची सही. पंधरा दिवस. डीपीवरच 350 भरत असेल तर दोष वरचा आहे, डीपीवर 400 आणि शेवटच्या खांबावर 310 असेल तर दोष तारांचा आणि आपल्या गर्दीचा. दोन्हींसाठी अर्ज वेगळा लिहावा लागतो. वह्या पुढच्या बैठकीच्या आठ दिवस आधी जिल्हा कार्यालयात द्याव्यात, अर्ज तिथे बसून लिहू. ज्यांच्या डीपीवर टायमरची बारी लावून झाली असेल त्यांनी तेही वहीत लिहावे, बारी लावण्याआधीचे आणि नंतरचे आकडे वेगवेगळे. चहा झाल्यावर मी मंडपाच्या उजव्या बाजूला बसतो आहे. ज्यांनी डबा घेतलाच आहे त्यांनी खुंट्या कुठे लावल्या आहेत ते येऊन सांगावे.